करड्या रंगाला रजा

बर्फाचे नकाशे काढणाऱ्या केंद्रात भिंतीएवढ्या पडद्यावर ध्रुवाकडचा समुद्र इतका स्वच्छ निळा उमटला होता की संचालकांनी आपसूक टायची गाठ सारखी केली. "बघा, कुठे एक करडा ठिपका सापडतो का," ते पाहुण्यांना म्हणाले.

सापडणार कुठून? उपग्रहाच्या रडारला शांत पाणी आणि सपाट बर्फ सारखेच काळे दिसतात. अशा जागी यंत्र निमूटपणे 'माहीत नाही' म्हणे आणि नकाशात करडा रंग भरे. "पाहुणे काय 'माहीत नाही' ऐकायला येतात?" असं म्हणून संचालकांनी तो रंगच काढून टाकायला लावला. आता यंत्राला निळं पाणी किंवा पांढरा बर्फ, काहीतरी ठोकून द्यावंच लागे. ते बहुधा पाणी ठोकून देई. इतक्या लवकर ते संचालकांच्या वळणावर जाईल, असं त्या यंत्राला शिकवणाऱ्या बाईंनाही वाटलं नव्हतं.

बाईंच्या टेबलावरचा फोन वाजला. रसद घेऊन निघालेल्या जहाजाचा कॅप्टन, म्हणजे बाईंचा धाकटा दीर. संचालकांनी हौसेने स्पीकर लावला.

"वहिनी, इथे धुकं असं की नाकापुढचं दिसत नाही. तुमच्या नकाशात पुढे निळा पट्टा आहे. घालू का जहाज? बर्फात रुतलो तर उन्हाळ्यापर्यंत सुटका नाही, आणि माझी माणसं आहेत बरोबर."

"घाला, घाला!" पाहुण्यांतलं कुणीतरी उत्साहाने म्हणालं. संचालकांनी अंगठा वर केला.

बाईंनी स्पीकर बंद करून रिसीव्हर कानाला लावला आणि आवाज खाली आणला.

"भावोजी, तो पट्टा करडा आहे. घरी पाहुणे आलेत म्हणून निळा केलाय."

पलीकडून, "असं होय! थांबतो मग. धुकं निवळू दे." फोन बंद.

संचालकांचा अंगठा अजून हवेतच होता. तो त्यांनी सावकाश खिशात घातला.

पडद्यावर जहाजाचा ठिपका निळ्याच्या तोंडाशी येऊन थबकला.

"एवढं मोकळं पाणी असून थांबला का हो?" पाहुण्यांतले ज्येष्ठ काळजीने म्हणाले.

संचालक खेदाने हसले.

"जुन्या वळणाचा माणूस आहे, साहेब. अजून डोळ्यांनी बघतो."