शेजारची सीट

खेडच्या एसटी स्टँडसमोर दर्शनाचं तिकिटांचं ऑफिस आहे. तुळसाकाकींना तिने प्रागची सगळी माहिती समजावली. विमानतळावरून बस, पुढे ट्राम, चढल्या चढल्या तिकिटावर मशीनचा शिक्का मारायचा, आणि नदीवरच्या जुन्या पुलावर मात्र पायीच जायचं.

तिथे नोकरीला गेलेला काकींचा मुलगा रितेश गेल्या वर्षी त्याच नदीत बुडाला होता. पाण्यात गेलेल्या माणसाला तिथे जाऊन हाक मारायची आणि घरी घेऊन यायचं, ही त्यांच्या गावची रीत. मात्र घराचा उंबरठा ओलांडेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. म्हणून काकींनी येतानाची शेजारची सीटही काढायला लावली. दर्शनाला कसंतरीच झालं, पण त्या माऊलीला नाही कसं म्हणणार?

पंधरवड्याने भर दुपारी काकी बॅगेसकट थेट ऑफिसात शिरल्या. मान ताठ, नजर समोर. त्यांच्या मागचं आपोआप लागणारं काचेचं दार आज उघडंच राहिलं.

"बसा ना काकी."

"बसत नाय गो. घरीच चाललेय."



मान न वळवता काकींनीच पुढे विचारलं, "तू समोर हायस, तर माझ्या पाठी बघून सांग. रितेश येतोय ना?"