तिसरे गाणे

सकाळी साडेसहाला, अंगणात सडा टाकून झाला की, पोलादपूरचे निवृत्त शिक्षक गंगाधर गुरुजी मुलाची, आमोदची, सीडी लावत. त्याने माजघरात बसून कॉम्प्युटरवर केलेला तो पहिलाच अल्बम. आंबेनळी घाटातल्या धुक्यासारखे ते संगीत गुरुजींना फारसे कळत नसे. तिसऱ्या गाण्यात मात्र मागून पत्नीचा, अनुपमाबाईंचा, आवाज येई, "अहो, चहा ठेवू का?"

"ठेव," म्हणत गुरुजी स्वतःच उठून गॅस पेटवत.

या रविवारी आमोद पुण्याहून नवी सीडी घेऊन आला.

"बाबा, मित्रांनी सगळ्या गाण्यांचे रिमिक्स केलेत. मागचे घरातले आवाज काढलेत, आईचाही. ती जाऊन दोन वर्षं झाली, तरी मला ते ऐकवत नाही. जुनी सीडी टाकून द्या आता."

गुरुजींनी नवी सीडी शेवटपर्यंत ऐकली. "छान झालंय रे," म्हणाले.

आमोद आंघोळीला गेला.

गुरुजींनी आरत्यांची सीडी काढून तिच्या पाकिटात जुनी सीडी सरकवली. मग आरत्यांच्या सीडीला नमस्कार करून ती अल्बमच्या जुन्या पाकिटात घातली आणि ते पाकीट कचऱ्याच्या डब्यात अगदी वर, आमोदला दिसेल असे ठेवले.