नाक जमलं नाही

"नाकच धरून बसल्यात बाई," शिल्पकार हातावरची माती पुसत पुटपुटला. ते दोघींनाही ऐकू गेलं.

वहिनी धाकट्या नणंदेला घेऊन चौथ्यांदा आल्या होत्या. नाक दोनदा बदललं, हनुवटी एकदा, आता पुन्हा नाकच. आज त्यांनी हो म्हटलं की उद्या साचा. एकदा धातू ओतला की शाळेच्या फाटकाशी हाच चेहरा शंभर वर्षं उभा राहणार, खाली त्यांच्या नवऱ्याचं नाव.

नवरा युद्धात बॉम्बफेकी विमानाच्या शेपटीत मशीनगनवर बसायचा. विमान परमुलखात पडलं, कुणाचंच काही हाती लागलं नाही. घरी तार आली आणि मागाहून त्या विमानातल्या सातजणांचा फोटो; घरात त्याचा दुसरा फोटोच नव्हता. सगळे कानटोप्या घातलेले, सगळे हसणारे. वहिनींनी तिसऱ्यावर बोट ठेवलं आणि त्या कोसळल्या. तेवढाच चेहरा कापून, मोठा करून भिंतीवर लागला. उरलेले सहाजण सासूबाईंनी आपल्या पेटीत जपले. आईचं काळीज, कुणाची तरी मुलंच ती. भिंतीकडे मात्र त्या कधी नजर उचलून बघत नसत. दुःखच तेवढं, लोक म्हणत.

शिल्पकारानं तो फोटो मातीच्या चेहऱ्याशेजारी धरला. "बघा. तिळाएवढा तरी फरक आहे का?"

"फोटोत नाही हो. पण ते समोर असताना..."

"समोर किती दिवस होते?"

"अकरा," वहिनी म्हणाल्या. "त्यातले चार पाहुण्यांत गेले."

"आणि तीन दादाच्या झोपेत," धाकटी नणंद म्हणाली.

शिल्पकाराला हसू आलं, ते त्यानं आवरलं. "बरं, हसताना खळी पडायची का? तेवढं सांगा, आणि सुटका करा माझी."

वहिनींनी सवयीनं नणंदेकडे पाहिलं. नणंद पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

"जरा पाणी आणता का?" ती शिल्पकाराला म्हणाली.

तो आत गेला. वहिनी मातीच्या चेहऱ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"वन्सं, सांगायची लाज वाटते. खळीचं मला माहीत नाही. मला त्यांचा चेहराच आठवत नाही. फोटो आला तेव्हाही आठवत नव्हता. नवी नवरी मी, डोळे भरून बघितलं कधी? शेजारणी सगळ्या भोवती जमलेल्या, 'कुठला गं तुझा?' म्हणून विचारत होत्या. बायकोला नवरा ओळखता येईना, हे कुठल्या तोंडानं सांगू? अंदाजानंच बोट ठेवलं मी."

नणंदेनं पर्स खाली ठेवली आणि त्यांचा हात हातात घेतला.

"तुम्ही बोट ठेवलंत तेव्हाच आम्हाला कळलं होतं, वहिनी. दादा पाचवा. पण आई म्हणाली, पोरीला कुणी काही बोलायचं नाही. ती म्हणेल तोच माझा मुलगा."