बसलेला कान

कान पुन्हा बसला.

म्हणजे कुणाला ऐकू येईनासं झालं, असं नव्हे. माशाच्या कातडीपासून काढलेला मऊ रस यंत्रातून थरावर थर सोडत मेघालीनं उभारलेला, बोटभर उंचीचा कान होता तो. पाच मिनिटं ऐटीत उभा राहिला आणि मग पाळीपासून ढासळत बशीत पसरला. सातवा आठवडा, सातवा कान! शुक्रवारी मोठे साहेब बघायला येणार होते. दहा मिनिटं उभा राहिला तर काम पुढे, नाहीतर गुंडाळा गाशा.

जन्मतःच कान नसलेल्या पोरांना त्यांच्याच पेशी या रसात घालून एक दिवस कान द्यायचा, यासाठी तिनं बोईसरमधल्या त्या छोट्या प्रयोगशाळेत तीन वर्षं घासली होती. दिवाळीपर्यंत कान ताठ उभे राहत होते. मग कुणाची दृष्ट लागली देव जाणे. तिनं पाणी बदललं, सुई बदलली, खोलीचा गारवा कमीजास्त करून पाहिला. पालथ्या घड्यावर पाणी. हे सांगावं तरी कुणाला? भाड्याच्या खोलीवर गेलं की बोलायला भिंती. समोरून कुणी नाव घेऊन हाक मारून किती दिवस झाले, तेही तिला आठवेना.

कातडी मात्र घरची, सातपाटीची. आई, पुष्पलताबाई, बंदरावर मासे विकायची. बाप गेल्यापासून घरात एकटीच. शिंगाळा माशाची कातडी सोलून द्यायचं काम तिनं हौसेनं अंगावर घेतलं होतं. "मीठ अजिबात लावायचं नाय हां, आये," मेघालीनं बजावलं होतं. बजावणं भागच होतं. कोळ्याच्या घरात आज खपलं ते ताजं, नाही खपलं त्याला मीठ. हात आपोआप बरणीकडे जातो.

टेम्पोवाला महादू आजही सातपाटीहून कातडीची बर्फाची पेटी आणून ठेवून गेला होता. मेघालीनं झाकण उघडलं आणि नेमका मास्कचा बंद तुटला. सात आठवड्यांत पहिल्यांदा पेटीचा वास थेट नाकात शिरला.

ती थबकली. हा वास ती जन्मात विसरणार नव्हती. खाऱ्याचा, मीठ मुरलेल्या मासळीचा वास.

कातडी वरून स्वच्छ धुतलेली, मिठाचा एक कण दिसत नव्हता. तिनं तुकडा पाण्यात घालून माप घेतलं. मीठच मीठ! ताजी समजून ती एकदाच धुवायची, आणि आत मुरलेलं मीठ रस घट्ट होऊच देत नव्हतं. काखेत कळसा, गावाला वळसा! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं फोन लावला.

पहिल्याच रिंगला उचलला गेला. "मेघा? बाय, तूच ना गो?"

"आये, कातडीला मीठ लावलंस?"

मेघाली उत्तरालाही थांबली नाही.

"माझं सगळं काम नासलं. सात आठवडे! नको सांगितलं होतं ना?"

"धुऊन दिलं गो मी. चारदा धुतलं. वाटलं, निघंल."

"पण लावलंसच कशाला? आधी नव्हतीस लावत!"

"आधी तू येत होतीस."

दिवाळीपर्यंत दर रविवारी मेघाली स्वतः कातडी न्यायला जायची, जेवून यायची. मग कामं वाढली. 'या रविवारी नक्की येते' हे ती अजूनही दर आठवड्याला फोनवर सांगत होती, आणि सोमवारी महादूला धाडत होती.

"मग सोमवारीच सोलायची ना, आये," ती हळू आवाजात म्हणाली. "महादू येतो तेव्हा."

"आसं कसं? तू रविवारी येते म्हणतेस ना? मी पहाटेच सोलून ठेवते, तुला ताजी हवी म्हणून. दिवसभर हात नाय लावत मिठाला." म्हातारीचा आवाज अगदी साधा होता, मासळीचा भाव सांगावा तसा. "सांजची शेवटची बस रिकामी आली, की मग लावते."