रिकामी खाच

कॉम्प्युटरवाल्याने कॅबिनेटचा पहिला स्क्रू काढला आणि तिने कडेवरच्या लेकीला जवळ ओढलं.

नवा प्रोसेसर टेबलावर डबीत होता. तिच्या ऑफिसने पाठवलेला. बसवायला माणूसही त्यांनीच दिला होता. बाळंतपणाची वाढवून घेतलेली रजा संपून चार महिने झाले, तरी घरून इमारतींचे आराखडे काही होत नव्हते. मशीन जुनं आहे, गोगलगायीसारखं चालतं, असं ती दर सोमवारी फोनवर सांगायची. आता सांगायला काही उरणार नव्हतं.

मशीन मंद नव्हतंच. तिनेच ते मंद केलं होतं. रजेनंतरच्या पहिल्याच आठवड्यात ती आराखड्यात बुडाली आणि ठमी रांगत रांगत जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी तिने सेटिंगमध्ये शिरून प्रोसेसरचा वेग तिसऱ्या हिश्श्यावर आणला आणि वर पासवर्ड ठोकून दिला. कॉलेजातलं शिक्षण असं कामी आलं. नोकरी नको, असं सरळ म्हणायची सोय नव्हती. माझी बायको घरात बसणाऱ्यातली नाही, असं नवरा येईल त्या पाहुण्याला ऐकवायचा, आणि ती हसून मान हलवायची.

उघडायच्या आधी कॉम्प्युटरवाल्याने मशीन चालू करून पाहिलं होतं. सेटिंग उघडताना मशीनने पासवर्ड मागितला. नवऱ्याने खांदे उडवले. काही हरकत नाही, कॉम्प्युटरवाला म्हणाला, आतला सेल काढला की सगळं मूळपदावर येतं, मग कळेल खरी गोम काय ती. ठमीला या कडेवरून त्या कडेवर घेत ती दारातच उभी राहिली. आत जाववेना, बाहेरही जाववेना.

झाकण निघालं.

"वहिनी, एवढ्या मातीत बटाटे लावता येतील," तो म्हणाला आणि ब्रश फिरवू लागला. मग त्याचा हात थांबला. त्याने टॉर्च लावला. या मशीनला रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, दोन पट्ट्या लागतात, तो म्हणाला, आहे एकच. दुसरी नसेल तर नवा प्रोसेसरही रडतखडतच चालणार.

"सगळीकडे बोटभर धूळ, आणि ही एक खाच लख्ख. पट्टी आत्ता आत्ता काढलीय कोणीतरी."

ती चक्रावली. तिने कॅबिनेट कधी उघडलंच नव्हतं. घरात स्क्रूड्रायव्हर कुठे असतो, हेही तिला माहीत नव्हतं. आणि घरात मोठी माणसं दोनच.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. कुठली पट्टी, कोणी काढली, असं त्याने विचारलं नाही. खुर्चीत बसून तो डबीवरची चिकटपट्टी नखाने सोलत होता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"जाऊ दे ना," तो म्हणाला. "नाही जमलं तर नाही जमलं. तू घरी आहेस, ठमीला बरं आहे."

अक्षरशः हेच ती चार महिने स्वतःला सांगत आली होती. त्याच्या तोंडून ते भलतंच ऐकू आलं. आपण आतून कडी घालून सुखरूप बसलोय असं तिला वाटत होतं. बाहेरूनही कोणी कडी घातली आहे, हे ठाऊक नव्हतं.

ती आत आली. ठमीला तिने त्याच्या मांडीवर बसवलं.

"पासवर्ड मी टाकलाय, लिहून घ्या," ती कॉम्प्युटरवाल्याला म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "आणि तू ती पट्टी घेऊन ये. ठमीला कडेवर घेऊनच जा."