लख्ख शिवराई

वेणीमाधवरावांच्या साठीला शकुंतलाबाईंनी त्यांची काळी पडलेली तांब्याची शिवराई नाणी चिंचेनं घासून लख्ख केली. चाळीस वर्षं जमवलेली त्या नाण्यांतलं एक वेणीमाधवरावांनी उचलून उलटसुलट करून बघितलं, मग हसून म्हणाले, "नवी कोरी दिसायलीत की!"

यंदा सात रस्त्याजवळच्या नाणी प्रदर्शनात मात्र त्यांनी टेबल मांडलं नाही. गुडघा दुखतोय म्हणून ते घरीच थांबले. बाई एकट्याच गेल्या आणि तिथल्या आयोजकाला, हृषीकेशला, त्यांनी विचारलं, "गुडघ्यामुळं हे आले नाहीत, पण यांची शिवराई तरी का नाही रे ठेवली?"

"घासलेली नाणी कशी ठेवणार, काकू? वरचा जुना थर गेला, की जाणकार माणूस नाणं हातातसुद्धा घेत नाही. सगळा संग्रह वाया गेला."

चार महिने त्या शेजारणींना बोलावून बोलावून ती चमक दाखवत होत्या. "अरे, ते काम..."

"काकांना रागावू नका, काकू. लई मनाला लावून घेतलंय त्यांनी."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, 'माझीच अक्कल गेली होती, मीच बसून घासली.'"