छताची ओल

“त्याला सांग, माझ्या डोक्यावर पाणी गाळणं बंद कर, नाहीतर कोर्टात खेचीन,” थोरला म्हणाला.

बायको जिना चढली. दोघे सख्खे भाऊ एकाच घरात वर-खाली राहत होते आणि सहा वर्षांत एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते. निरोपांची ने-आण तिच्याकडे होती.

ती खाली आली. “भावजी म्हणतात, खुशाल खेचा. त्यांच्या बाथरूममधून थेंब गळत नाही.”

थोरल्याने वर पाहिलं. बैठकीच्या छतावर परातीएवढा डाग होता, ओलागच्च. दरवर्षी प्लास्टर खरवडायचं, नवं करायचं, त्यावर रंगाचे दोन हात मारायचे. महिनाभरात डाग परत हजर. या छताने त्याचा बोनस खाल्ला, बायकोच्या बांगड्या खाल्ल्या आणि आता छताचा डोळा पीएफवर होता.

“एवढ्या पैशांत कुठेतरी दोन खोल्या आल्या असत्या,” बायको म्हणाली. हे ती दरवर्षी म्हणायची.

“आणि याला रान मोकळं करून देऊ? मेलो तरी हे घर सोडणार नाही.”

फडकं गुंडाळलेली लांब काठी घेऊन ती कोपऱ्यातली जाळी काढायला लागली. या बाबतीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तो डाग सोडला तर असं लख्ख छत कुठे पाहिलं नाही, असं रंगारीसुद्धा म्हणायचा.

मागे एकदा ती लेकीच्या बाळंतपणाला गेली, तेव्हा डाग चक्क सुकला होता. “बघ,” थोरल्याने फोनवर तिला ऐकवलं, “तू मधे नसलीस की टरकतो मला.”

यंदा मात्र त्याचं डोकंच फिरलं. त्याने प्लंबर बोलावला आणि वर निरोप धाडला. बाथरूमची फरशी फोडायची, खर्च माझा. गळती सापडली नाही, तर माझा हिस्सा तू म्हणशील त्या किमतीला तुला देऊन मी चालता होईन.

“असं काही बोलू नका हो,” बायको म्हणाली. “शब्द मागे घेता येणार नाही.”

“घ्यायचाय कुणाला? जा, सांग.”

ती गेली.

थोरला प्लंबरला घेऊन वर गेला. धाकट्याने दार उघडलं आणि हाताची घडी घालून बाजूला उभा राहिला. प्लंबरने फरशी उखडली, थेट स्लॅबपर्यंत गेला, हात फिरवून पाहिला.

“कोरडी खडखडीत आहे,” तो म्हणाला. “इथून काही गळत नाही, साहेब.”

धाकटा हसला. सहा वर्षांत पहिल्यांदाच भावाशी थेट बोलला. “सामान कधी हलवतोस?”

थोरल्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण धाकट्यासमोर शब्द फिरवण्यापेक्षा त्याने जीव दिला असता. त्याने सह्या केल्या, फोडलेल्या फरशीचे पैसेही भरले. आतून तो जळत होता.

टेम्पो भरला. थोरला मागे वळून न पाहता ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. आत हमालाने दारामागची काठी उचलली. फडक्यातून अजून पाणी ठिबकत होतं.

“बाई, ही टेम्पोत टाकू?”

तिने एकवार वर, डागाकडे पाहिलं.

“नको,” ती म्हणाली. “नव्या घराचं छत कोरडंच राहू दे.”